फिजिओ पाऊण तास येऊन जातो, उरलेल्या दिवसाचं काय?

ताई, नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे. महिन्याभरापूर्वी सकाळी बाथरूममध्ये ओल्या फरशीवरून पाय घसरून पडली आणि डावा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, बॉल बदललाय असं डॉक्टर म्हणाले. घरी आणून आता अडीच आठवडे होतील. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी येतो, एका वेळचे ६०० रुपये घेतो. तो यायची वेळ झाली की आई झोपेचं सोंग घेते, व्यायाम सुरू केला की "नको रे बाबा, दुखतंय" म्हणत रडते. बाबांना ते बघवत नाही, ते म्हणतात आराम करू दे तिला, हाड जुळलं की चालेल आपोआप. आत्या म्हणते गावाकडे एक हाडवैद्य आहे, तेल लावून चोळतो, आठ दिवसांत उभं करतो. शेजारच्या काकू गुडघा बदलून महिन्यात भाजी आणायला जायला लागल्या आणि आमची आई वॉकर धरून संडासपर्यंत जायचं म्हटलं तरी थरथरते. परक्या पुरुषाने पायाला हात लावलेला तिला आवडत नाही, आणि मला वाटतं तो बराच वेळ नुसतं मशीनच लावून बसतो. मी नोकरी करते, दिवसा ब्युरोची मावशी असते. फिजिओ चालू ठेवू का बंद करू? आई पहिल्यासारखी चालेल का? आणि दोन महिन्यांनी भाचीचं लग्न आहे, तिला नेता येईल का?
आईची लेक, नाशिक

अगं लेकी,

आधी एकच सांगून टाकते, बाकीचं मागाहून. फिजिओ बंद करू नकोस. माणूस बदलायचा असेल तर बदल, वेळ बदल, त्याच्याशी बसून नीट बोल, पण व्यायाम थांबवू नकोस, कारण या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने हातचे गेले की नंतर तेच मिळवायला फार म्हणजे फारच जड जातं. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन हेच काम करते, त्यामुळे तुझ्या पत्रातली जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्या ओळखीची आहे, झोपेचं सोंगसुद्धा.

काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, म्हणणं मायेपोटी आहे हे मला दिसतंय. पण त्यांना एक गोष्ट कोणी समजावून सांगितलेली दिसत नाही. काकूंचा, म्हणजे तुझ्या आईचा, बॉल बदललाय, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं मोडलेलं टोक काढून टाकलं आणि तिथे धातूचा बॉल बसवला. आता तिथे जुळायला हाडच राहिलेलं नाही! प्लास्टर घातलेल्या हातासारखं सहा आठवडे थांबा आणि मग वापरा, असं हे ऑपरेशनच नाही. उलट म्हाताऱ्या माणसाला लवकरात लवकर, जमलं तर दुसऱ्याच दिवशी, उभं करता यावं म्हणून तर हे करतात. थांबून फायदा काहीच नाही, नुकसान मात्र भरपूर. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू दहा-बारा दिवस पडून राहिलं तरी बघता बघता आटतात, पाठीला जखमा व्हायला लागतात, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही, पायात रक्ताच्या गाठी होतात. खुबा मोडल्यावर म्हातारी माणसं खचतात ती बऱ्याचदा मोडलेल्या हाडापेक्षा या पडून राहण्याने खचतात. काकांना हे तू सांगू नकोस, ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या पुढच्या व्हिजिटला त्यांनाच बरोबर ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव, बायकोच्या बाबतीत नवरे लेकीचं फारसं ऐकत नाहीत असा माझा अनुभव आहे.

आणि हां, डिस्चार्ज कार्ड काढून बघ. त्यावर पायावर किती वजन द्यायचं ते लिहिलेलं असतं, एफडब्ल्यूबी म्हणजे पूर्ण वजन, डब्ल्यूबीएटी म्हणजे सोसेल तेवढं, पीडब्ल्यूबी म्हणजे थोडंच आणि एनडब्ल्यूबी म्हणजे अजिबात नाही. बॉल बदलल्यावर बहुतेक वेळा पहिली दोनच असतात, पण तुझ्या कार्डावर काय आहे ते महत्त्वाचं. लिहिलेलं नसेल तर सर्जनला फोन करून विचार आणि फिजिओला व्हॉट्सॲपवर पाठव. घरच्यांना हे माहीतच नसतं म्हणून मग भीतीने पाय टेकवूच देत नाहीत.

आता रडण्याचं. दुखणार, खोटं कशाला सांगू. महिन्यापूर्वी मांडीचे स्नायू कापून आत काम झालंय. पण दुखणं आणि इजा होणं यात फरक आहे आणि तो ओळखायची सोपी पद्धत मी घरोघरी शिकवते. काकूंना विचारायचं, दहापैकी किती दुखतंय? चार-पाचपर्यंत असेल आणि व्यायाम थांबवल्यावर तासाभरात खाली येत असेल तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर त्या दिवशी कमी करायचं, बंद नाही, कमी. दुसरं म्हणजे गोळीची वेळ. डॉक्टरांनी जी पेनकिलर दिलीय ती फिजिओ यायच्या आधी अर्धा-पाऊण तास पोटात गेली पाहिजे, तो गेल्यावर नाही. इतकी साधी गोष्ट आहे पण निम्म्या घरांत उलटं चाललेलं असतं, रडून झालं की गोळी. मेडिकलमधून आपल्या मनाने जास्तीची पेनकिलर मात्र आणू नका, या वयात किडनीला आणि बीपीला ती महागात पडते. तो गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं टॉवेलात गुंडाळलेला बर्फ लावलात तर चालेल, टाक्यांची जागा कोरडी आणि बरी झालेली असली पाहिजे एवढंच.

पण मला वाटतं काकू नुसत्या दुखण्याने रडत नाहीयेत, त्या घाबरल्यात. ओल्या फरशीवर पाय सटकला तो क्षण अंगातून जात नाही माणसाच्या. उभं केलं की तोच क्षण परत येतो, पाय थरथरतात, आपल्याला वाटतं अशक्तपणा आहे आणि निम्मी ती भीती असते. भीतीवर "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, रोज थोडं थोडं पडल्याशिवाय उभं राहून दाखवलं की मगच जाते. तर एक कर, एखाद्या संध्याकाळी फिजिओ नसताना, व्यायामाचा विषय न काढता, काकूंना विचार की तुला सगळ्यात पहिलं काय करता यावंसं वाटतं. "चालायचंय" असं त्या म्हणणार नाहीत बघ. मला आतापर्यंत बहुतेक बायकांनी एकच उत्तर दिलंय, मला माझी माझी संडासला जाता आलं पाहिजे, कोणी बरोबर नको. बस, तेच धरायचं. मग पलंगावरून उठायचा व्यायाम हा व्यायाम राहत नाही, संडासला एकटीने जायची तयारी होते, आणि फिजिओलाही सांग की हे आमचं पहिलं ध्येय आहे, यावर काम करा.

एक शंका मनात ठेव. सोंग आहे की खरंच गुंगी आहे हे बघ. ऑपरेशननंतर काही म्हाताऱ्या माणसांना दिवसा गुंगी, रात्री बडबड, कुठे आहोत ते न कळणं असं होतं. तसं काही वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांग, झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांग.

परक्या पुरुषाचा हात, हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस पण माझ्या मते हे मोठं कारण आहे. ७१ वर्षांच्या बाईची साडी गुडघ्यावर सरकवून तिच्या मांडीला हात लावायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि ती ते बोलणार नाही, झोपेचं सोंग घेईल. आपल्याकडे या व्यवसायात बायका भरपूर आहेत, नाशिकात तुला बाई सहज मिळेल, ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात विचार. तोवर आत्ताच्या मुलाला सांग की हात लावायच्या आधी काय करणार आहे ते काकूंना सांगत जा, पायावर चादर असू दे, मावशी किंवा काका खोलीत असू देत. साडीच्या ऐवजी गाऊन नाहीतर सैल सलवार, घोट्याच्या वरपर्यंतच. निऱ्या वॉकरच्या पायात अडकतात, म्हणून सध्या साडी तशीही नकोच.

मशीनबद्दल. तुझी शंका रास्त आहे. पायाला पॅड चिकटवून जे करंटचं मशीन लावतात त्याने दुखणं तात्पुरतं कमी होतं, म्हणून पाच-दहा मिनिटं लावलं तर हरकत नाही, पण मशीनने स्नायूत ताकद येत नाही आणि चालायला तर कोणी शिकत नाही. पाऊण तासातला अर्धा तास मशीन असेल तर तू ६०० रुपये मशीनच्या भाड्याचे देतेस. आणि आत धातू बसवलेला असताना तिथे शॉर्ट वेव्ह डायाथर्मीचा शेक देत नाहीत, कोणी तसं मशीन आणलं तर स्पष्ट नाही म्हण. चांगला फिजिओ पहिल्या दिवशी कागदपत्रं आणि एक्सरे मागतो, बीपी-नाडी बघतो, घरात फिरून संडासची उंची बघतो, वॉकरची उंची जुळवतो. हात सरळ खाली सोडले की मनगटाच्या रेषेशी वॉकरची मूठ आली पाहिजे, तू आजच बघ, बरेच वॉकर दुकानातून आणले तसेच वापरतात आणि माणूस वाकून वाकून चालतो. मुख्य म्हणजे चांगला फिजिओ दर आठवड्याला काहीतरी पुढे नेतो. पहिल्या दिवशी दिलेले चार व्यायाम तिसऱ्या आठवड्यातही तेच चालू असतील, काकूंना उभं करून चालवलं जात नसेल, घरच्यांना काही शिकवलं जात नसेल, तर दुसरा बघ. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते, नंबर विचारायला लाजू नकोस, खरा माणूस लगेच दाखवतो. साडेचार-पाच वर्षांची डिग्री, त्यातच इंटर्नशिप, एवढं करून आलेला माणूस आणि जिममध्ये चार महिने काम केलेला मुलगा यात फरक असतो, होम व्हिजिटच्या धंद्यात दोन्ही फिरत असतात.

आता माझ्या मते खरं दुखणं कुठे आहे ते सांगते. फिजिओ आठवड्यात तीनदा येतो, मिळून दोन-अडीच तास. उरलेला सगळा आठवडा काकू पलंगावर आहेत. पाणी हातात, जेवण पलंगावर, चहा पलंगावर, उशी मावशी सारखी करते, टीव्हीचा रिमोट काका देतात. सगळे प्रेमाने करतायत, आणि त्या प्रेमाने काकू अधिकाधिक लुळ्या होतायत. फिजिओ येतो तो शिकवायला, दुरुस्त करायला आणि पुढचं पाऊल ठरवायला. चालायला शिकणं हे त्याच्या नसलेल्या वेळात होतं. म्हणून या आठवड्यात एक काम कर, एक दिवस हाफ डे टाक, फिजिओ येईल तेव्हा तू, काका आणि मावशी तिघांनी तिथे उभं राहा आणि त्याला सांग की आज आईला नाही, आम्हाला शिकवा. उठवायचं कसं, चालवायचं कसं, धरायचं कुठे. मोबाइलवर व्हिडिओ घे, काकूंचा चेहरा नको हवा तर, पण पाय आणि हात कुठे ठेवले ते दिसू दे. बदली मावशी आली की तिला तोच दाखवायचा.

उठवायचं मी इथेही सांगते कारण यात सगळ्यात जास्त चुका बघते. काकूंना पलंगाच्या कडेला आणायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, डावा पाय थोडा पुढे सरळ, उजवा आपल्याकडे ओढलेला. हात वॉकरवर नाही, हात गादीवर. वॉकर धरून उठायला गेलं की तो उचलला जातो आणि माणूस मागे पडतो. गादी दाबून, उजव्या पायावर भार घेऊन उठायचं आणि उभं राहिल्यावर एकेक हात वॉकरवर आणायचा. तुम्ही डाव्या बाजूला, किंचित मागे, एक हात कमरेला. काखेत हात घालून उचलायचं नाही, हात धरून ओढायचं तर अजिबातच नाही, खांदा जातो. फिजिओकडे कमरेला बांधायचा रुंद पट्टा असतो, तो घेऊन ठेवा. उठल्या उठल्या चालायला लागायचं नाही, जागच्या जागी वीस अंक मोजायचे, चक्कर येतेय का विचारायचं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते आणि दुसऱ्यांदा पडतात ते इथेच. मग वॉकर पुढे, डावा पाय, उजवा पाय. वळताना पायावर गिरकी नाही, छोटी छोटी पावलं. आणि मावशीला सांग, उचलायचं नाही, नुसतं जवळ राहायचं. दोन मिनिटं लागोत, तीन लागोत, काकूंना स्वतः उठू द्यायचं.

हे उठणं दिवसातून सहा-सात वेळा झालंच पाहिजे आणि त्यासाठी वेगळा वेळ काढायचा नाही. चहा पलंगावर बंद, चहा डायनिंग टेबलवर. जेवण टेबलवर. कमोडचं भांडं फक्त रात्रीला, दिवसा संडासपर्यंत चालत. काकांबरोबर टीव्ही बाहेरच्या खोलीत, तासापेक्षा जास्त एका जागी नाही. पलंगावरचे व्यायाम, म्हणजे घोटे वर-खाली, गुडघा गादीत दाबून पाच मोजणं, कुल्ले आवळणं, टाच गादीवर सरकवत पाय थोडासा दुमडणं, हे दिवसातून तीनदा दहा-दहा. आणि थोडा दम आला की स्वयंपाकघराचा ओटा! ओट्यासारखी जागा नाही, कमरेएवढा उंच, घट्ट, धरायला कड. ओटा धरून टाचा उचलायच्या, पाय बाजूला न्यायचा, मागे न्यायचा, मागे खुर्ची ठेवलेली आणि शेजारी कोणीतरी. शिवाय काकू स्वयंपाकघरात परत येतात ना, मावशीने फोडणीत काय घातलं ते बघतात, दोन शब्द सुनावतात, त्याचा उपयोग वेगळाच होतो.

काकांना यात काम दे. नाहीतर ते दारात उभे राहून कळवळत राहणार आणि काकू त्यांच्याकडे बघून आणखी रडणार. एक वही त्यांच्याकडे, सकाळ-दुपार-संध्याकाळ, किती वेळा उठली, किती फेऱ्या, दुखणं दहापैकी किती. फिजिओ आला की वही काकांनीच दाखवायची. पंधरा दिवसांनी ते स्वतःच म्हणतील की मागच्या सोमवारी दारापर्यंत जात होती, आज गॅलरीपर्यंत गेली.

काय करायचं नाही ते थोडक्यात. मांडी, पाट, चटई, भारतीय संडास, बुटका सोफा नाही. पायावर पाय टाकायचा नाही, पावलं आत वळवायची नाहीत, खाली पडलेलं वाकून उचलायचं नाही, कुशीवर वळताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. सर्जनने मागच्या बाजूने उघडलं असेल तर हे जास्त कडक असतं, साधारण सहा ते बारा आठवडे पाळायला सांगतात, तुमचं किती ते विचारून घे. खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहील आणि तिला हात हवेत, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात, ठेवलीच तर भिंतीला टेकवून. देव्हारा खाली असेल तर टेबलावर आणा, पूजेसाठी त्या कोणाचं न ऐकता खाली बसतील. बाथरूममध्ये भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला बार, टॉवेलच्या दांडीला धरून भागत नाही, हवा काढून चिकटवायचे हँडल तर नकोच. रबरी मॅट, रात्रभर छोटा दिवा, पायपुसणी आणि सतरंज्या सगळ्या गोळा करून माळ्यावर.

हाडवैद्य अजिबात नको. या एका बाबतीत मी कोणाचं मन राखणार नाही. बसवलेल्या बॉलचा पाय कोणी ओढला, पिळला, तर बॉल खोबणीतून निसटतो आणि परत ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत पोटरीत गाठ असू शकते, ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते, त्यात जीव जातो. आत्यांना दुखवायचं नसेल तर तेलाची वाटी त्यांच्याच हातात दे आणि खांदे, मान, दंड यांना लावायला सांग. वॉकरवर भार टाकून काकूंचे खांदे खरंच भरून येत असणार, आत्या शेजारी बसून बोलत बोलत लावतील तर काकूंनाही बरं वाटेल. दोन्ही पायांना मात्र तूर्त कोणी तेल चोळायचं नाही.

आता लगेच डॉक्टर कधी, हे फ्रिजवर चिकटवून ठेव. एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर त्याच दिवशी. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर वाट न बघता १०८. जांघेत एकदम जोराची कळ, पाय आखूड किंवा वळलेला दिसतोय, टेकवत नाही, तर ओढाताण न करता थेट हॉस्पिटल. टाक्यांतून पाणी, लाली, ताप, तरीही फोन करायचाच.

शेजारच्या काकूंशी तुलना मनातून काढ. त्यांनी तारीख ठरवून, आधी तब्येत सांभाळून, दुखरा गुडघा बदलला. तुझी आई पडली, अंगाला मार बसला, रात्रभर दुखण्यात काढली आणि मग ऑपरेशन. दोन वेगळी दुखणी आहेत. काकूंसमोर तर तो विषयच नको, त्यांना ऐकू येतं. पहिल्यासारखी चालेल का या प्रश्नाला मी हो म्हणून मोकळी होणार नाही. बहुतेकांची सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर थोडी थोडी चालू राहते. बऱ्याच जणांच्या हातात काठी कायमची राहते, लांबचं चालणं कमी होतं. पडण्याआधी त्या किती चालत होत्या, नजर कशी आहे, साखर-बीपी, आणि व्यायाम किती नेटाने होतो, यावर ते ठरतं. पण घरात स्वतःची स्वतः फिरणं, संडास-आंघोळ आपली आपण करणं, हे पुष्कळ बायकांना जमतं, आणि अडीच आठवड्यांत वॉकर धरून संडासपर्यंत जातायत, थरथरत का होईना, म्हणजे सुरुवात वाईट नाहीये.

एक प्रश्न पत्रात नाही पण तो मला सगळ्यात जास्त टोचतो. घरात उभ्या उभ्या पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. फिजिओने स्नायू येतील, हाडाचं काय? दुसरा खुबा, मणका, मनगट अजून आहेतच. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना आपणहून विचार की ऑस्टिओपोरोसिसचं औषध कधी सुरू करायचं. आठवड्याची गोळी असते, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शनही असतं, त्याआधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनी बघतात. गोळी दिली तर ती रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डोळेही तपासून घे, मोतीबिंदू पिकलेला असेल तर ओली फरशी दिसणार कशी.

आणि खाणं. स्नायू हवेतून येत नाहीत. वजनाच्या किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन लागतं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ५५ ते ६९ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं आणि वाटीभर वरणातही जेमतेम तेवढंच, म्हणजे चहा-बिस्किट, मऊ भात आणि वरणाचं पाणी यावर हे कधीच भरत नाही. अंडी खात असतील तर रोज दोन, नाहीतर पनीर, दही, घट्ट वरण, उसळ, शेंगदाण्याची चटणी, सातूचं पीठ, दूध. काकू चतुर्थी-एकादशी-गुरुवार करत असतील तर सध्या सोडायला सांग, ऐकणार नसतील तर साबुदाण्याऐवजी दही, दूध, राजगिरा, दाण्याची आमटी असा उपास करू दे.

पैशाचं. आठवड्याला १८०० म्हणजे महिन्याला सात-आठ हजार, हे ओझं आहे, कळतं मला. सहा-आठ आठवडे तीनदा, मग दोनदा, मग आठवड्यातून एकदा येऊन व्यायाम वाढवून देणं, असं ठरवून घे. घरचे शिकले तर कमी व्हिजिटमध्ये भागतं. रिक्षा-गाडीत बसता यायला लागलं की क्लिनिकला न्या, तिथे खर्च कमी आणि सामान जास्त. सिव्हिल हॉस्पिटलचा फिजिओ विभाग किंवा फिजिओथेरपी कॉलेजची ओपीडी तर फारच स्वस्त पडते. मेडिक्लेम असेल तर बघ, बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा खर्च धरतात, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि फिजिओची नोंदणी नंबर असलेली पावती लागते, आजपासूनच पावत्या घे.

लग्नाला न्यायचं, माझं स्पष्ट मत. सर्जनने नाही म्हटलं नाही तर न्यायचंच आणि आत्ताच काकूंना सांगायचं, व्यायामाला याहून चांगलं कारण मला सुचत नाही. फिजिओला तारीख दे, गाडीत बसण्या-उतरण्याचा आणि दोन पायऱ्यांचा सराव त्याच्याकडून करून घे. पायरी चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. गाडीत पुढची सीट मागे सरकवून, पाठ थोडी तिरकी, आधी पाठमोरं होऊन बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज सरकतं, गाडी निघायच्या आधी ती काढून टाकायची. सगळे विधी नकोत, अक्षतांच्या वेळेला दोन-तीन तास पुरेत. हात असलेली उंच खुर्ची घरून न्या, हॉलमधल्या खुर्च्यांचा भरवसा नाही, पाया पडायला येणाऱ्यांची गर्दी झाली तर एकाने त्यांच्या डाव्या बाजूला बसून राहायचं. आणि हॉलला लिफ्ट आहे का, संडास कमोडचा आहे का, तळमजल्यावर आहे का, हे फोन करून या आठवड्यातच विचार, म्हणजे नसेल तर दोन महिने हातात आहेत काहीतरी सोय करायला.